‘करमत नाही’ कुठल्या चौकटीत बसतं?

पहिल्या चाचणीला आलेली मुलगी फार्मसी शिकत होती. परदेशात येऊन तिला सात महिने झाले होते. मी आमचं अर्धवट झालेलं ॲप उघडून फोन तिच्या हातात दिला आणि शेजारी बसले. स्क्रीनवर प्रश्न होता, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास, खिन्न किंवा निराश वाटलं?’ खाली चार पर्याय होते: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. तिचा अंगठा ‘अजिबात नाही’वर जाऊन थांबला, खाली सरकला, परत वर आला. शेवटी तिने तेच दाबलं. उरलेले प्रश्नही भराभर उरकले. ॲपने हिरव्या अक्षरांत सांगितलं, सगळं ठीक दिसतंय.

फोन परत देताना ती म्हणाली, "ताई, उदास वगैरे नाहीये मी. फक्त करमत नाही. संध्याकाळ झाली की रूमवर जावंसंच वाटत नाही. लायब्ररी बंद होईपर्यंत तिथेच बसून राहते, पण अभ्यास काही होत नाही. जेवणही जात नाही."

मी हे जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. आमच्या ॲपमध्ये ‘करमत नाही’ कुठेच नव्हतं.

मी या प्रकल्पात मजकुराचं काम करत होते. म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द, बटणावरचा, सूचनेतला, चूक झाल्यावर येणारा, माझ्याकडून जायचा. मीही काही वर्षांपूर्वी शिकायला म्हणून परदेशात आले होते. पहिला हिवाळा कसा काढला ते मला अजून आठवतं, म्हणूनच या कामाला मी लगेच हो म्हटलं. टीम लहान होती: एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विद्यार्थ्यांचं समुपदेशन करणाऱ्या एक बाई, दोन डेव्हलपर, प्रकल्पप्रमुख आणि मी. परदेशातून शिकायला आलेले विद्यार्थी आणि नव्याने येऊन स्थायिक होणारी माणसं, यांना आपापल्या भाषेत मनाच्या त्रासाबद्दल बोलता यावं आणि गरज पडली तर योग्य दारापर्यंत पोचता यावं, हा हेतू. सुरुवातीला चार भाषा धरल्या होत्या. मराठी त्यातली एक.

आम्ही सुरुवात केली ती पीएचक्यू-९ या प्रश्नावलीपासून. नैराश्याची प्राथमिक चाचपणी करायला जगभर ती वापरतात. २००१ साली प्रसिद्ध झालेली, नऊ प्रश्नांची, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर नीट तपासणी करावी असं साधारण मानतात. साधन चांगलं आहे, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. आम्ही भाषांतरही मन लावून केलं होतं. एकाने इंग्रजीतून मराठीत आणलं, मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने ते परत इंग्रजीत नेलं, मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक तपासले. ही उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली आणि संशोधनात ती सर्रास वापरतात. आमचे दोन्ही मजकूर जवळजवळ तंतोतंत जुळले होते. त्या दिवशी आम्हाला फार समाधान वाटलं होतं.

त्या मुलीनंतर मला कळलं की उलट भाषांतरात आपण शेवटी इंग्रजीच तपासत असतो. जे मूळ प्रश्नात आहे ते मराठीत पोचलं का, एवढंच त्यातून कळतं. जे मूळ प्रश्नात नाहीच, पण मराठी माणसाच्या तोंडी रोज असतं, ते त्या वाटेने कधी येणारच नाही. ‘करमत नाही’ हे उदास असणं नाही. ते एकटेपण नाही, कंटाळाही नाही. माणसांच्या गराड्यातही करमत नाही. आणि मुख्य म्हणजे हे बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. ‘मी निराश आहे’ म्हणताना माणूस स्वतःला आजारी ठरवत असतो, ‘करमत नाही’ म्हणताना तो फक्त आपली गत सांगत असतो.

सायकॉलॉजिस्टना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या कामाबद्दल वाचायला सांगितलं. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात शोना भाषेतच एक प्रश्नावली बांधली होती. लोक आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात ते आधी ऐकलं आणि त्यातून १४ प्रश्न उभे केले. शोना लोकांत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करत राहणं. पुढे २००६ मध्ये तिथलेच मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्यांच्या आवारात बाकं ठेवली आणि त्यावर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. त्या आज्या नैराश्य हा शब्द घेऊन बसल्या नाहीत, कुफुंगिसिसा घेऊन बसल्या. हरारेतल्या २४ दवाखान्यांत त्याची रीतसर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा महिन्यांनंतर, बाकावर येऊन आज्यांशी बोललेल्यांचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी होता.

ते वाचल्यावर मी टीमपुढे मागणी ठेवली की पहिला स्क्रीन बदलायचा. पीएचक्यू-९ काढायची नाही, पण ती मागे न्यायची आणि ऐच्छिक ठेवायची. तिच्या शब्दांना हात लावायचा नाही, कारण शब्द बदलले की त्या २७ गुणांना अर्थ उरत नाही, हे सायकॉलॉजिस्टनी मला नीट समजावलं होतं. तिच्या आधी माणसाला आपल्या शब्दांत बोलू द्यायचं. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ-मानववंशशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकातच डॉक्टरांना सुचवलं होतं की रुग्णाला विचारा, तुमच्या त्रासाला तुम्ही काय नाव देता, तो कशामुळे सुरू झाला असं तुम्हाला वाटतं. त्याच विचाराची १६ प्रश्नांची मुलाखत २०१३ मध्ये अमेरिकेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत आली. आम्ही त्यातला पहिला धागा उचलला. नवीन पहिल्या स्क्रीनवर प्रश्न एकच: ‘सध्या कसं चाललंय?’ आणि खाली वाक्यांची यादी, हवी तितकी निवडा, नाहीतर स्वतः लिहा किंवा बोला.

ती यादी बनवायला सहा आठवडे लागले. मी आणि समुपदेशक बाई मिळून माणसांशी बोलत होतो आणि ऐकलेलं वाक्य न सुधारता लिहीत होतो. डोकं जड असतं. छातीत धडधडतं. झोप लागत नाही, लागली तर पहाटे मोडते. भाषा येते, पण वर्गात तोंड उघडत नाही. घरचा फोन आला की काय बोलावं सुचत नाही. कशात जीव रमत नाही. यातली निम्मी वाक्यं शरीराची आहेत. त्यांना ‘खरी समस्या मनाची आहे’ असं सांगायला जायचं नाही, हे आम्ही ठरवून टाकलं. ज्याची छाती धडधडते त्याला आधी छातीबद्दल बोलायचं असतं. डॉक्टरकडे जाऊन आलात का, हा प्रश्नही म्हणून तिथेच ठेवला.

या यादीने माझे आणखी दोन प्रश्न सोडवले, ज्यांच्याशी मी कित्येक दिवस झगडत होते. पहिला संबोधनाचा. इंग्रजीत एक ‘यू’ लिहून मोकळं होता येतं. मराठीत तू, तुम्ही, आपण. विद्यार्थ्यांना ‘तुम्ही’ म्हटलं की सरकारी अर्ज भरल्यासारखं वाटतं, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून एका आवृत्तीत सगळीकडे ‘तू’ केलं. मग चाचणीला एक काका आले. निवृत्तीनंतर मुलाकडे कायमचे राहायला आलेले. त्यांनी दोन स्क्रीन वाचले, चष्मा काढला आणि फार हळू आवाजात म्हणाले, "इथे आल्यापासून मला ‘अहो’ म्हणणारं कुणी राहिलं नाही. आता फोनही अरे-तुरे करतो." त्यांच्यासाठी तो त्रासाचाच भाग होता. मी ती आवृत्ती त्याच संध्याकाळी मागे घेतली.

दुसरा प्रश्न लिंगाचा. ‘मी थकलो’ की ‘मी थकले’? ‘एकटा पडलोय’ की ‘एकटी पडलेय’? स्त्री की पुरुष हे आधी विचारून घ्यावं, असं एका डेव्हलपरने सुचवलं. पण मनातलं सांगायला आलेल्या माणसाला दारातच हा प्रश्न का विचारायचा? आणि ज्याला या दोन्हींत बसायचं नाही त्याने काय करायचं? ‘थकलो/थकले’ अशी तिरकी रेघ मारलेली वाक्यं मला त्याहून नकोशी होती. तशा वाक्यात आपल्याला कुणी ओळखलंय असं वाटतच नाही.

यादीत दोन्ही अडचणी आपोआप मिटल्या, कारण तिथे ॲप बोलत नव्हतं, माणूस बोलत होता. आणि मराठीत अशी वाक्यं विपुल आहेत ज्यांत कर्ता मी नसतोच. मला झोप लागत नाही, माझं मन लागत नाही, जेवण जात नाही, थकवा येतो, रडू येतं. त्रास आपल्याकडे येतो, जातो, लागतो, होतो. क्रियापद त्रासाच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. जिथे ॲपलाच बोलावं लागतं तिथे मी ‘तुम्ही’ ठेवलं, पण वाक्यं लहान केली आणि आज्ञार्थ शक्य तितका टाळला. ‘दीर्घ श्वास घ्या’च्या जागी ‘थोडा वेळ श्वासाकडे बघू या’. चाचणीत हे काकांनाही चाललं आणि मुलांनाही.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण अशा गोष्टींनीच माणूस ॲप बंद करतो. बटणांची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेली होती. त्यात ‘नाही’ची वेलांटी वरून छाटली जायची आणि ‘कुणाशीतरी’चा उकार खालून. वाचता यायचं, पण आपली भाषा कुणीतरी जागा नसताना कोंबली आहे असं दिसायचं. ओळीची उंची वाढवून घेतली तेव्हा प्रत्येक स्क्रीनची मांडणी परत करावी लागली. डेव्हलपरने ते कुरकुर न करता केलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

सगळ्यात कठीण वळण आलं ते एका मुलाच्या एका प्रश्नाने. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. तेव्हा आमच्या ॲपमध्ये विद्यापीठाच्या ईमेलने लॉगिन करावं लागायचं. तो तिथेच थांबला आणि म्हणाला, "ताई, हे कोण वाचतं?" मी गोपनीयतेच्या धोरणाची लिंक दाखवली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही. "ते ठीक आहे. पण हे कॉलेजला कळेल का? व्हिसाच्या वेळी कुठे निघेल का? पुढे नोकरीला?" त्यानंतर मी प्रत्येकाला मुद्दाम विचारू लागले आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हीच भीती निघाली. कुणी ती बोलून दाखवली नव्हती, इतकंच. त्या हिरव्या ‘सगळं ठीक’मागे कितीजणांची ही भीती होती कोण जाणे.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात आरोग्याची माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात येते, इतरत्र दुसरे कायदे. व्हिसाबद्दल सरसकट हमी देणं आमच्या हातात नव्हतं आणि खोटा दिलासा मला द्यायचा नव्हता. आमच्या हातात एकच होतं, माहिती घ्यायचीच नाही. लॉगिन काढून टाकायचं, नाव-ईमेल काही विचारायचं नाही, लिहिलेलं सगळं फोनमध्येच राहील, सर्व्हरवर काही जाणार नाही.

प्रकल्पप्रमुखांना हे पटायला वेळ लागला. त्यांची बाजूही खरी होती: माहिती नसेल तर ॲपचा उपयोग होतोय हे सिद्ध कसं करायचं, पुढचा निधी कशाच्या जोरावर मागायचा? दोन बैठका यावर गेल्या. शेवटी समुपदेशक बाई म्हणाल्या की माझ्या खोलीचं दार बंद होत नसेल तर आत कुणी बसणार नाही, मग मी कितीही चांगली नोंदवही ठेवली तरी काय उपयोग. ज्याला वाटेल त्याने स्वतःहून, नाव न देता अभिप्राय पाठवावा, एवढीच सोय ठेवायची ठरली.

आणि मग ॲप बाहेर पडायच्या आठवडाभर आधी एका डेव्हलपरच्या लक्षात आलं की आमचं वचन अजून खरं नाहीच. अँड्रॉइडमध्ये ६.० या आवृत्तीपासून ॲपची माहिती आपोआप वापरकर्त्याच्या क्लाउड खात्यात बॅकअप होते, ॲप बनवणाऱ्याने ते बंद केलं नसेल तर. आम्ही बंद केलं नव्हतं. ‘हे फक्त तुमच्या फोनमध्ये राहतं’ हे वाक्य मी लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते बंद झालं. त्याचबरोबर, फोन हरवला तर लिहिलेलं परत मिळणार नाही, हेही त्याच स्क्रीनवर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलं. रूम शेअर करणाऱ्यांचा विचार करून वेगळा पिन दिला, आयकॉन साधा ठेवला, आणि लॉक स्क्रीनवर येणाऱ्या सूचनेतून ‘मन’, ‘ताण’ असे सगळे शब्द काढले.

घरच्यांबद्दलही आमचा अंदाज चुकला होता. ‘विश्वासातली व्यक्ती’ म्हणून एक नंबर नोंदवा आणि फार त्रास झाला तर एका बटणात त्यांना फोन लावा, अशी सोय होती. आम्ही उदाहरण म्हणून तिथे ‘आई’ लिहिलं होतं. मुलांनी एकामागून एक तो स्क्रीन सोडून दिला. "आईला सांगितलं तर ती रात्रभर जागी राहील आणि करू काहीच शकणार नाही," एकजण म्हणाला. कर्ज काढून पाठवलंय, मी तिथे सुखात आहे या भरवशावर ते जगतायत, हे वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी सांगितलं. पण त्याच मुलांच्या फोनमध्ये दिवसातून दोनदा घरी लावलेले कॉल होते. घर तुटलेलं नव्हतं. फक्त घरी काय सांगायचं आणि काय नाही, याचं ओझं ती एकटी वाहत होती.

म्हणून आम्ही ‘घरी काय सांगू?’ असा एक कोपरा केला. तिथे आधी मनातलं सगळं लिहायचं आणि मग त्यातलं घरी सांगण्याजोगं एखादं वाक्य निवडायचं. ‘अभ्यास जड जातोय’ एवढंही चालेल. सायकॉलॉजिस्टना शंका होती की यामुळे लपवण्याला खतपाणी मिळेल. माझं मत वेगळं होतं आणि आजही आहे: सगळं किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते समोर असले की माणूस काहीच नाही निवडतो. उदाहरणातली ‘आई’ काढून ती जागा रिकामी ठेवली. बहुतेकांनी तिथे मित्राचं नाव घातलं.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. आमच्यातल्या एकाला तो वगळावासा वाटत होता, विचारल्याने नसलेला विचार मनात यायचा, या भीतीने. सायकॉलॉजिस्टनी ठामपणे सांगितलं की विचारल्याने असे विचार येत नाहीत, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट कुणीतरी विचारलं याने बोलायची वाट मोकळी होते. पण त्यांनी एक अटही घातली. विचारायचं असेल तर उत्तरानंतर हात पुढे हवा, त्याच स्क्रीनवर. तो माणूस ज्या देशात आहे तिथल्या मदतवाहिनीचा नंबर, एका स्पर्शात लागणारा. अमेरिकेत २०२२ पासून आणि कॅनडात २०२३ पासून ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. शेजारी रूममेट झोपलेला असताना रात्री दोन वाजता फोनवर बोलता येत नाही, म्हणून जिथे मेसेज करायची सोय आहे तिथे ते बटण फोनच्या बरोबरीने ठेवलं. हे सगळे नंबर ॲपमध्येच साठवले, इंटरनेट नसलं तरी दिसावेत म्हणून. दर तीन महिन्यांनी त्या-त्या सेवेच्या अधिकृत पानावर जाऊन प्रत्येक नंबर तपासायचं काम माझ्याकडे आहे आणि त्यात मी एकदाही उशीर केलेला नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही वेळेत बदलली. ‘तिसऱ्या महिन्यानंतर त्रास वाढतो’ असं धरून आम्ही तेव्हाच आठवण पाठवणार होतो. त्यामागे होता १९५५ मध्ये लिसगार्ड या संशोधकाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या विद्वानांवरून मांडलेला यू आकाराचा आलेख: आधी उत्साह, मग घसरण, मग चढ. पण कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला तेव्हा खिन्नता सर्वात जास्त होती ती अगदी आल्या-आल्याच. आम्ही भेटलेली मुलंही पहिल्या आठवड्याबद्दलच जास्त बोलत होती. आता ॲप पहिल्या दिवसापासून सोबत असतं.

सध्या फारसीचं काम चालू आहे. यावेळी मराठीची यादी भाषांतराला दिली नाही, नमुना म्हणून दाखवली. फारसीचा मजकूर लिहिणाऱ्या बाईंनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘करमत नाही’ म्हणजे काय. मी बराच वेळ समजावलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे ‘देलम तंग शोदे’ म्हणतात, हृदय तंग झालंय. मला वाटलं मिळालं. मग त्यांनी स्वतःच मान हलवली. त्या तंग होण्याला बहुधा कुणीतरी लागतं, ज्याची आठवण येते असं कुणीतरी. तुमच्या शब्दाला कुणीच लागत नाही ना? मी म्हटलं, नाही लागत. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, मग ‘देलम गेरेफ्ते’. कारण नसताना मन धरल्यासारखं होतं, ते.

त्यांनी दोन्ही वाक्यं लिहिली, एकाखाली एक.